मणक्यात पसरलेल्या कॅन्सरसाठी छोट्या छेदाचं ऑपरेशन: कोणाला उपयोगी, कुठे तोकडं पडतं

मणक्यात कॅन्सर उतरलाय आणि डॉक्टर 'मिनिमली इन्व्हेजिव्ह', म्हणजे छोट्या छेदातून ऑपरेशन सुचवताहेत, असं झालं की घरच्यांचा पहिला प्रश्न असतो: गाठ पूर्ण निघेल ना? नाही निघणार, आणि ती पूर्ण काढायचा बेतही नसतो. स्तन, फुप्फुस, प्रोस्टेट, किडनी किंवा थायरॉइडमधून मणक्यात आलेला कॅन्सर रक्तावाटे आलेला असतो. एक मणका खरवडून स्वच्छ केला म्हणून आजार संपत नाही. ऑपरेशनकडे कामं दोनच: खचायला आलेला मणका पेलून धरणं आणि मज्जारज्जूवरचा दाब उतरवणं. गाठ मारायचं काम रेडिएशनचं आणि औषधांचं.

म्हणून या सेवेची पारख छेदाच्या लांबीवर करू नका. ऑपरेशननंतर रुग्ण किती दिवसांत रेडिएशनच्या टेबलावर झोपू शकतो आणि त्याची केमो किती दिवस खोळंबते, यावर करा. मोठ्या छेदाची जखम भरायला साधारण ३ ते ४ आठवडे थांबावं लागतं. छोट्या छेदांनंतर बहुतेक वेळा १ ते २ आठवड्यांत रेडिएशन सुरू करता येतं. या पद्धतीचा खरा फायदा हाच आहे, आणि तो मोठा आहे.

ऑपरेशन करावं की नुसतं रेडिएशन द्यावं, हा वाद २००५ साली बराचसा मिटला. अमेरिकेतल्या रॉय पॅचेल आणि सहकाऱ्यांनी 'लॅन्सेट'मध्ये १०१ रुग्णांची चाचणी प्रसिद्ध केली. सगळ्यांच्या मज्जारज्जूवर गाठीचा दाब होता. एका गटाला ऑपरेशन आणि मग रेडिएशन, दुसऱ्याला फक्त रेडिएशन. दोन्हीकडे मात्रा तीच, १० बैठकांत ३० ग्रे (ग्रे हे रेडिएशनचं माप). ऑपरेशन झालेल्यांपैकी ८४ टक्के रुग्ण उपचारांनंतर चालू शकले, दुसऱ्या गटातले ५७ टक्के. चालणं किती टिकलं? मध्यक काढला तर १२२ दिवस विरुद्ध १३ दिवस. फरक इतका उघड होता की चाचणी मध्येच थांबवली. मात्र त्या चाचणीत कोणाला घेतलं नव्हतं तेही वाचायला हवं. लिम्फोमा, मायलोमा यांसारख्या रेडिएशनने झपाट्याने विरघळणाऱ्या गाठी वगळल्या होत्या, आणि ४८ तासांपेक्षा जास्त काळ पाय पूर्ण लुळे पडलेले रुग्णही वगळले होते. या दोन्ही अटी आजही कामाच्या आहेत.

आणखी एक स्पष्ट सांगायला हवं: त्या चाचणीतली ऑपरेशनं उघड्या पद्धतीची होती. छोट्या छेदाच्या बाजूचा पुरावा मुख्यतः जुन्या नोंदींच्या तुलनेतून आलेला आहे. त्यात रक्तस्राव कमी, रुग्णालयातला मुक्काम कमी, जखमेचा त्रास कमी असं दिसतं. दुखणं कमी होणं आणि पायांत ताकद येणं मात्र दोन्ही पद्धतींत जवळपास सारखंच. 'छोट्या छेदाने लकवा जास्त बरा होतो' असं कोणी सांगत असेल तर ते मानू नका.

आता आपला रुग्ण यात बसतो का, हे कसं ठरतं ते. यासाठी मणका किती डळमळीत आहे याचे गुण देतात. 'सिन्स' नावाची ही १८ गुणांची पद्धत २०१० पासून वापरात आहे. ६ पर्यंत मणका स्थिर, ७ ते १२ संशयास्पद, १३ किंवा जास्त म्हणजे अस्थिर. एक उदाहरण धरू. डी-१२ म्हणजे बरगड्या संपतात तिथला मणका, पाठ आणि कंबर यांच्या सांध्यावरचा, म्हणून जागेचे ३ गुण. पडून राहिलं की बरं वाटतं आणि उठून बसताना कळ येते, याचे ३. हाड पोखरलेलं आहे, २. मणका खचलाय पण निम्म्याहून कमी, २. मागचा सांधा एका बाजूने खाल्लाय, १. पाठीचा बाक बिघडलेला नाही, ०. एकूण ११. आता हाच आजार डी-६ वर असता तर बरगड्यांचा पिंजरा आधार देतो म्हणून जागेचा १ गुण, एकूण ९. दोन्ही बेरजा त्याच गटात पडतात, पण ११ वाला रुग्ण जिना उतरताना मणका खचवून घेण्याच्या जास्त जवळ आहे. हे गुण फाइलवर लिहिलेले नसतील तर विचारा. सर्जनला ते काढायला दोन मिनिटं लागतात.

दुखण्याची जात घरच्यांनीही ओळखायला शिकावं. रात्री झोपेतून उठवणारं, पहाटे वाढणारं दुखणं गाठीचं असतं. ते स्टेरॉइड आणि रेडिएशनने उतरतं. उठता-बसता, कूस बदलताना येणारी कळ हाडाच्या मोडीची असते. तिला रेडिएशनने आराम पडत नाही, तिथे सिमेंट किंवा स्क्रूच लागतो. वर्षानुवर्षं पाठदुखी असलेल्या माणसाच्या बाबतीत ही दोन दुखणी जुन्या पाठदुखीत मिसळून जातात आणि एमआरआय उशिरा होतो. कॅन्सरचा इतिहास असलेल्याला छाती-पोटाभोवती पट्टा आवळल्यासारखं वाटणं, पाय जड होणं, चालताना चप्पल निसटणं, लघवी अडकणं यांतलं काहीही झालं तर त्याच दिवशी पूर्ण मणक्याचा एमआरआय हवा. फक्त कमरेचा काढून चालत नाही. गाठी एकापेक्षा जास्त ठिकाणी असू शकतात आणि दाब बहुधा पाठीच्या भागात असतो.

साध्या एक्सरेतही एक खूण दिसते. समोरून काढलेल्या एक्सरेत प्रत्येक मणका घुबडाच्या चेहऱ्यासारखा दिसतो, दोन पेडिकल, म्हणजे मणक्याचा पुढचा आणि मागचा भाग जोडणारे हाडाचे दोन खांब, हे त्याचे दोन डोळे. कॅन्सरने एक पेडिकल खाल्लं की घुबडाने एक डोळा मिटल्यासारखं दिसतं. पण एक्सरे नॉर्मल आला म्हणून निश्चिंत होऊ नये. हाडाचा बराच भाग गेल्याशिवाय एक्सरेत काही उमटत नाही.

'मिनिमली इन्व्हेजिव्ह' या एका पाटीखाली निरनिराळ्या वस्तू विकल्या जातात, आणि त्या एकमेकींच्या जागी चालत नाहीत.

सगळ्यात साधी म्हणजे सिमेंट भरणं. फ्रान्समध्ये गालिबेर आणि देरामाँ यांनी १९८४ मध्ये मानेच्या मणक्यात पहिल्यांदा हे केलं. बहुधा हलकी गुंगी आणि जागेवर भूल पुरते. पालथं झोपवून सी-आर्मच्या, म्हणजे चालू ऑपरेशनमध्ये चित्र दाखवणाऱ्या यंत्राच्या एक्सरेखाली पेडिकलमधून ११ किंवा १३ गेजची सुई मणक्यात नेतात आणि पीएमएमए जातीचं हाडाचं सिमेंट भरतात. फुगा फुगवून आधी पोकळी केली तर ती कायफोप्लास्टी, थेट भरलं तर व्हर्टिब्रोप्लास्टी. पाठीच्या मणक्याला साधारण २ ते ४ मिली, कमरेच्या मणक्याला ४ ते ६ मिली पुरतं. जास्त भरलं म्हणून जास्त आराम पडत नाही, फक्त गळती वाढते. २०११ च्या 'कॅफे' चाचणीत कॅन्सरच्या १३४ रुग्णांपैकी कायफोप्लास्टी झालेल्यांचा अपंगत्वाचा गुणांक (जितका कमी तितकं बरं) महिन्याभरात १७.६ वरून ९.१ वर आला. न झालेल्यांचा १८.२ वरून १८.० वर, म्हणजे जागचा हलला नाही.

इथे सगळी कला सिमेंटच्या घट्टपणात आहे. भुकटी आणि द्रव कालवल्यावर पहिली काही मिनिटं ते पातळ, तार धरणारं असतं. त्या वेळी भरलं तर शिरांमधून निसटतं आणि थेट फुप्फुसापर्यंत जाऊ शकतं. टूथपेस्टसारखं झालं, हातमोज्याला चिकटेनासं झालं की भरायचं. थिएटर थंड असेल तर हा वेळ लांबतो, म्हणून अनुभवी सर्जन एक गोळी ट्रेवर ठेवून बोटाने तपासत राहतो. बेरियम मिसळलेलं असल्याने ते पडद्यावर काळं दिसतं; काळी रेघ मणक्याच्या मागच्या भिंतीकडे सरकू लागली की हात तिथेच थांबला पाहिजे. कॅन्सरच्या मणक्यात भिंत आधीच कुरतडलेली असते, म्हणून ऑस्टिओपोरोसिसच्या मणक्यापेक्षा इथे गळती जास्त. बहुतेक गळतीचा त्रास होत नाही. नसेच्या छिद्रात उतरलेली मात्र पायात जळती कळ देते.

सिमेंटने मज्जारज्जूवरचा दाब उतरत नाही. गाठ मागे मज्जारज्जूच्या कालव्यात शिरली असेल तर एकटं सिमेंट हा चुकीचा उपचार आहे; भरताना गाठ आणखी मागे ढकलली जाऊ शकते. शिवाय सिमेंटच्या उष्णतेने गाठ मरते हा समज सोडून द्यावा. रेडिएशन त्यानंतरही लागतं. योग्य रुग्ण निवडला असेल तर मात्र खर्च आणि त्रासाच्या मानाने इतका आराम देणारं या यादीत दुसरं काही नाही.

दुसरी वस्तू: कातडीतून बसवलेले स्क्रू आणि रॉड. पाठ उघडायची नाही. प्रत्येक स्क्रूसाठी दीड-दोन सेंटीमीटरचा छेद. पालथं झोपवताना पोट मोकळं लोंबकळत ठेवतात, कारण पोट दाबलं गेलं की मणक्याभोवतीच्या शिरा फुगतात आणि रक्त जास्त जातं. आधी सी-आर्म अचूक लावायचा: मणक्याची वरची कड एकच रेघ दिसली पाहिजे आणि मागचा काटा दोन डोळ्यांच्या बरोबर मध्ये. मग जमशीदी सुई, म्हणजे हाडात शिरणारी जाड पोकळ सुई, पेडिकलच्या बाहेरच्या कडेवर टेकवून हातोडीने आत. साधारण २० मिमी आत जाईपर्यंत सुईचं टोक पेडिकलची आतली कड ओलांडत नाही ना, हे समोरच्या चित्रात पाहायचं. त्यानंतर बाजूच्या चित्रात टोक मागच्या भिंतीच्या पुढे गेलेलं दिसलं की रस्ता बरोबर. आतली कड आधीच ओलांडली गेली तर सुई मज्जारज्जूच्या कालव्यात आहे.

मग सुईतून तार, तारेवरून आटे पाडायचं टॅप, मग स्क्रू. इथली नेहमीची चूक म्हणजे तार पुढे सरकणं. टॅप फिरवताना तार त्याच्याबरोबर ढकलली जाते, पोखरलेल्या हाडात तिला अडवायला काही नसतं, आणि मणक्याच्या पुढे महाधमनी आहे. म्हणून दर काही आट्यांनी एक चित्र घ्यायचं आणि सहायकाने तार चिमट्यात धरून ठेवायची. टॅप तारेच्या टोकापर्यंत कधीच न्यायचा नाही.

हाड ठिसूळ असेल तर भोकं असलेले स्क्रू घेऊन त्यांतून थोडं सिमेंट सोडतात. हे इथे महत्त्वाचं, कारण या पद्धतीत बहुधा हाडाचं कलम घालत नाहीत. दोन मणके जुळून येण्याची वाट पाहायला रेडिएशन आणि केमो हाडाला वावच देत नाहीत, त्यामुळे सगळा भार शेवटपर्यंत धातूवर राहतो. आयुष्य काही महिन्यांचं असेल तर हे चालून जातं. पण स्तन, प्रोस्टेट किंवा नव्या गोळ्यांना चांगली दाद देणारा फुप्फुसाचा कॅन्सर असलेला रुग्ण आज वर्षानुवर्षं जगतो. त्याच्या बाबतीत स्क्रू सैल होण्याचा किंवा रॉड तुटण्याचा विषय सर्जनने स्वतःहून काढला पाहिजे.

तिसरी आणि सगळ्यात मोलाची वस्तू म्हणजे सेपरेशन सर्जरी, अर्थात गाठ आणि मज्जारज्जू यांच्यात फट पाडणं. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंगमध्ये ही पद्धत घडली. तर्क सरळ आहे. एसबीआरटी, म्हणजे थोड्या बैठकांत नेमकं आणि जोरदार दिलेलं रेडिएशन, किडनीसारख्या हट्टी गाठीही आवरतं. पण मज्जारज्जू गाठीला चिकटलेला असेल तर तोच भाजतो. २ ते ३ मिमीची फट मिळाली तरी पूर्ण मात्रा देता येते. म्हणून मागचं हाड आणि एका किंवा दोन्ही बाजूंचा सांधा ड्रिलने काढायचा, मज्जारज्जूच्या पुढे जाऊन अस्थिबंध कापायचा आणि गाठ पुढे, मणक्याच्या पोकळीत ढकलून काढायची. मणक्यात उरलेल्या गाठीला हात लावायचा नाही. छोट्या छेदाच्या प्रकारात हे सगळं २ ते अडीच सेंटीमीटर व्यासाच्या नळीतून किंवा लहानशा मधल्या छेदातून, मायक्रोस्कोपखाली होतं, आणि वर-खाली स्क्रू कातडीतून.

त्याच संस्थेने २०१३ मध्ये अशा १८६ रुग्णांचा अहवाल दिला. वर्षभरात त्याच जागी गाठ पुन्हा वाढण्याचं प्रमाण एकूण १६.४ टक्के होतं; काही बैठकांत विभागून जोरदार मात्रा दिलेल्यांत ते ४.१ टक्के. म्हणजे ऑपरेशन तेच, पण पुढचं रेडिएशन बदललं की निकाल बदलतो.

या पद्धतीची मर्यादाही आहे. नळीतून फक्त नळीच्या टोकासमोरचं दिसतं. गाठ दोन-तीन मणक्यांवर लांब पसरली असेल, मज्जारज्जूला चहूबाजूंनी वेढून असेल, किंवा आधी रेडिएशन होऊन मज्जारज्जूचं आवरण चिकटलं असेल, तर नळीच्या हट्टापायी दाब अर्धाच उतरतो. आवरण फाटलं तर नळीतून टाका घालणं कठीण असतं. तिथे सरळ उघडं ऑपरेशन करणारा सर्जन जास्त प्रामाणिक समजावा. किडनी, फॉलिक्युलर थायरॉइड आणि यकृताच्या गाठी तर रक्ताच्या थैल्याच असतात; ऑपरेशनआधी २४ ते ४८ तासांत अँजिओग्राफी करून त्यांचा रक्तपुरवठा बंद करून घ्यावा. हे न करता किडनीच्या गाठीला हात घालणं आम्हाला मान्य नाही.

रेडिओफ्रीक्वेन्सीने गाठ भाजून मग सिमेंट भरणं दुखण्याला चांगलं, पण दाबासाठी उपयोगाचं नाही. एमआरआयमध्ये पाहत पाहत गाठ लेझरने भाजायची पद्धत ह्यूस्टनच्या एम. डी. अँडरसनमध्ये रुळली आहे. तिला खास थिएटर लागतं, त्यामुळे ती सरसकट मिळणारी वस्तू नाही.

ऑपरेशनआधीच्या काही गोष्टींवर निकाल बराच अवलंबून असतो. दाब असेल तर डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड सुरू करतात, साधारणपणे रोज १६ मिलिग्रॅम विभागून, सोबत पोटाचं औषध. मधुमेह्याची साखर यात झपाट्याने चढते, दिवसातून चार वेळा तपासावी. मूळ कॅन्सर माहीत नसेल आणि लिम्फोमाचा संशय असेल तर, पायांची ताकद जात नसल्यास, बायोप्सी आधी आणि स्टेरॉइड नंतर; स्टेरॉइडने गाठ विरते आणि निदान हातचं जातं. बेव्हॅसिझुमॅब हे कॅन्सरचं औषध चालू असेल तर शेवटच्या डोसनंतर किमान २८ दिवस थांबतात, नाहीतर जखम भरत नाही. रक्त पातळ करणारी गोळी सर्जन, भूलतज्ज्ञ आणि ऑन्कोलॉजिस्ट तिघांनाही सांगा. एकाला सांगून ते तिघांपर्यंत पोचेल हे गृहीत धरू नका.

आता बिलाकडे. अंदाजपत्रकात इम्प्लांट, सिमेंटचा संच, नसांचं मॉनिटरिंग, आयसीयू आणि रक्त वेगवेगळं लिहून घ्या. स्क्रूची संख्याही विचारा. सहा स्क्रू आणि दहा स्क्रू यांत बिल खूप बदलतं. रेडिएशन या आकड्यात आहे का, हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न, आणि तोच सहसा राहून जातो. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेतून करणार असाल तर ऑपरेशन, इम्प्लांट आणि पुढचं रेडिएशन या तिन्ही गोष्टी त्याच रुग्णालयात मंजूर होतील का, हे भरती होण्याआधी आरोग्यमित्राकडून पक्कं करा. लातूर किंवा यवतमाळहून मुंबईला ऑपरेशनला यायचं आणि रेडिएशन गावाजवळ घ्यायचं असेल तर रेडिएशनची तारीख ऑपरेशनच्या तारखेआधी हातात असावी. छोट्या छेदाने वाचवलेले दोन-तीन आठवडे तारखेची वाट पाहण्यात गेले तर जास्तीचे पैसे कशाला मोजले?

सर्जनची पारख करायला एक प्रश्न पुरतो: हा रुग्ण रेडिएशन ऑन्कोलॉजिस्टने पाहिलाय का, आणि त्यांचं म्हणणं काय? उत्तर 'ते नंतर बघू' असं आलं, तर लकवा वाढत नसल्यास दुसरं मत घ्यायला दोन दिवस आहेत. पायांची ताकद तासातासाने जात असेल तर मात्र जवळ जो करू शकतो त्याच्याकडे, उघडं तर उघडं. छोट्या छेदाची सोय शोधत दुसऱ्या शहरात जाण्यात चालणं गमावू नये.

ऑपरेशननंतर बहुतेकांना दुसऱ्या दिवशी उभं करतात. टाके १२ ते १४ दिवसांनी, आधी रेडिएशन झालेल्या कातडीवर ३ आठवड्यांनी. मॉर्फीनच्या गोळ्या चालू असतील तर पोट साफ होण्याचं औषध पहिल्या दिवसापासून हवं. जोर करून शौचाला बसणं ताज्या स्क्रूंना चांगलं नाही. हाडं घट्ट करणारी झोलेड्रॉनिक अ‍ॅसिड किंवा डेनोसुमॅबची इंजेक्शनं सुरू होण्याआधी दातांच्या डॉक्टरांना दाखवा, किडलेला दात आधी काढून घ्या. नंतर काढला तर जबड्याचं हाड कुजू शकतं. एसबीआरटीनंतरही मणका खचू शकतो, एका बैठकीत २४ ग्रेसारखी मात्रा दिली असेल तर जास्त. म्हणून काही महिन्यांनी नव्याने आलेली कळ म्हणजे कॅन्सर परतलाच असं नसतं, पण स्कॅन करावाच लागतो.

आणि डिस्चार्जच्या वेळी इम्प्लांटच्या स्टिकरांचा कागद मागून घ्या. टायटॅनियमचा रॉड एमआरआयमध्ये मज्जारज्जू झाकोळून टाकतो, तेव्हा रेडिएशनची आखणी करायला सीटी मायलोग्राम, म्हणजे मज्जारज्जूभोवतीच्या पाण्यात रंगद्रव्य सोडून काढलेला सीटी, करावा लागतो. कार्बन फायबरचा असेल तर बहुधा ते टळतं. आत काय बसवलंय हे रेडिएशनच्या फिजिसिस्टला पहिल्याच दिवशी कळलं तर एक फेरी वाचते. स्कॅनची सीडी आणि हा कागद एकाच पाकिटात ठेवा. फिल्मच्या मोठ्या पिशवीत तो हरवतो.